गुलाबी पाणी आणि हरवलेले १४ ग्रॅम

प्रश्न एका जिल्ह्याच्या रक्तकेंद्रातल्या टेक्निशियनताईंचा आहे. बॉम्बे रक्तगटाच्या (ओ सारखा दिसणारा, पण फार दुर्मीळ गट, त्याला त्याच गटाचं रक्त लागतं) एका दात्याच्या दोन वेळच्या दोन बॅगा त्यांनी ग्लिसरॉल (गोठताना पेशींना वाचवणारा द्राव) घालून उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवल्या होत्या. त्याच गटाच्या रुग्णाची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा दोन्ही वितळवून, ग्लिसरॉल काढायला मिठाच्या पाण्याने धुतल्या. पहिलीचं शेवटच्या धुण्याचं पाणी स्वच्छ आलं, म्हणून ती काहीही न मोजता दिली गेली. रुग्णाला त्रास झाला नाही. दुसरीचं पाणी गुलाबी दिसलं, म्हणजे पेशी फुटून हिमोग्लोबिन बाहेर आल्याची खूण. मग ती अडवली, आकडे काढले, आणि चर्चा होईपर्यंत २४ तास उलटले, शेवटी टाकून दिली. आता त्या विचारतात: टाकली हे बरोबर केलं का, आणि अशा बॅगेच्या गुणवत्ता तपासणीत नेमकं काय काय बघायचं?

ताई, तुम्ही आकडे दिलेत हे फार बरं केलंत, नाहीतर अशा प्रश्नाला उत्तर देणं म्हणजे फोनवरून नाडी बघणं. पण प्रश्न थोडा फिरवून घेतो. गुलाबी रंग ही त्यातली सगळ्यात लहान गोष्ट आहे. माझ्या मते जिची काळजी करायला हवी होती ती बॅग पहिली, स्वच्छ दिसलेली. का, ते तुमच्याच आकड्यांवरून सांगतो.

गोठवण्याआधी दुसऱ्या बॅगेत २८० मिली पेशी होत्या, हिमोग्लोबिन डेसिलिटरला १९.५ ग्रॅम. म्हणजे बॅगेत एकूण ५४.६ ग्रॅम. धुतल्यावर २४० मिली, हिमोग्लोबिन १७, हिमॅटोक्रिट (बॅगेतला पेशींचा टक्का) ५२. म्हणजे ४०.८ ग्रॅम. वरच्या पाण्यातलं, म्हणजे सुपरनॅटंटमधलं, मोकळं हिमोग्लोबिन डेसिलिटरला १६० मिलिग्रॅम. ऑस्मोलॅलिटी (पाण्यात विरघळलेल्या कणांचं प्रमाण) ३८८.

आधी सगळ्यांना घाबरवणारा आकडा घेऊ, १६० मिलिग्रॅम. बॅगेतलं ४८ टक्के पाणी, म्हणजे ११५ मिली. त्यात मोकळं हिमोग्लोबिन ०.१८ ग्रॅम. युरोपच्या मार्गदर्शिकेत पूर्ण बॅगेला ०.२ ग्रॅमची मर्यादा आहे, तिच्या आत. टक्केवारीत हिमोलिसिस (पेशी फुटणं) काढलं तर ४८ गुणिले ०.१६ भागिले १७, म्हणजे ०.४५ टक्के. साध्या साठवलेल्या पेशींना युरोपात ०.८ आणि अमेरिकेत १ टक्का चालतो. म्हणजे ज्या रंगासाठी बॅग गेली, त्या कसोटीवर ती पास होती. मोकळं हिमोग्लोबिन डोळ्याला फार लवकर दिसतं. बादलीभर पाण्यात चिमूटभर कुंकू पडलं तरी कळतं, तसं.

आता तुमच्या चर्चेत न आलेला आकडा. ५४.६ पैकी ४०.८ परत मिळाले, म्हणजे ७४.७ टक्के. इथे अमेरिकन मानक किमान ८० टक्के मागतं. जवळजवळ १४ ग्रॅम हिमोग्लोबिन कुठेतरी गेलं आणि त्यातलं जेमतेम ०.१८ ग्रॅम बॅगेत दिसतंय. बाकीचं वॉशच्या पाण्याबरोबर वाहून गेलं. धुणं म्हणजे पुरावा पुसणंच की! शंभरातल्या चाळीस पेशी फुटल्या आणि तुम्ही दोन लिटर सलाईनने नीट धुतलं, तर शेवटचं पाणी काचेसारखं येईल. म्हणून म्हणतो, पहिल्या बॅगेत किती पेशी वाचल्या होत्या हे आज कोणालाच सांगता येणार नाही.

तेव्हा तपासणीतला पहिला आणि न चुकवायचा आकडा हा: गोठवण्याआधीचे ग्रॅम आणि धुतल्यानंतरचे ग्रॅम. त्यासाठी गोठवायच्या दिवशीच बॅग वजन करून, रिकाम्या बॅगेचं वजन वजा करून, हिमोग्लोबिन मोजून कार्डावर लिहिलेलं असलं पाहिजे. बरीच केंद्रं हे विसरतात आणि वितळवायच्या दिवशी 'साधारण ५५ धरू' असं होतं.

ते १४ ग्रॅम कुठे गेले हे शोधायची एक स्वस्त युक्ती आहे: वेस्ट बॅग टाकू नका. तिचं वजन करा, हलवून नमुना घ्या. तुमच्या बॅगेच्या बाबतीत अडीच लिटरच्या आसपास पाण्यात १४ ग्रॅम, म्हणजे डेसिलिटरला साधारण अर्धा ग्रॅम, हे सेल काउंटरवरही (पेशी मोजायच्या मशीनवर) दिसलं असतं. मग तोच नमुना टेस्ट ट्यूबमध्ये फिरवा. तळाशी लाल बटण आणि वर फिकट पाणी आलं तर पेशी धडधाकट होत्या, फक्त सांडल्या: सेंट्रिफ्यूजचा वेग कमी, पाणी काढताना घाई, किंवा मशीनचा वॉश फ्लो जास्त. तळाशी काहीच नाही आणि सगळं पाणी कोकम सरबतासारखं पारदर्शक लाल असेल तर पेशी फुटल्या. दोन्हीचा इलाज वेगळा आहे आणि नुसत्या बॅगेकडे बघून यातलं काहीच कळत नाही.

फुटल्या असतील तर कोणत्या पायरीला? इथे रसायन थोडं समजून घ्यावं लागतं. हळू गोठताना बर्फ पेशीच्या बाहेर धरतो, उरलेल्या पाण्यात मीठ घट्ट होत जातं आणि पेशी सुकून मरते. फार वेगाने गोठवलं तर पेशीच्या आतच बर्फ होतो. ग्लिसरॉल आत शिरून दोन्हीला आवर घालतो. १९५१ मध्ये मॉलिसन आणि स्लोव्हिटर यांनी ग्लिसरॉलमध्ये गोठवलेल्या पेशी माणसाला देऊन दाखवल्या, आणि आपण अजून त्याच वाटेवर आहोत. तुमची पद्धत जास्त ग्लिसरॉलची, शेवटी ४० टक्के, म्हणून उणे ८० चा फ्रीझर पुरतो आणि गोठण्याचा वेग फारसा सांभाळावा लागत नाही. नायट्रोजनवाल्या कमी ग्लिसरॉलच्या पद्धतीत वेगच सगळं ठरवतो, त्यामुळे तिथले अनुभव इथे लावू नका. (जाता जाता: ग्लिसरॉल ज्या दारातून लाल पेशीत शिरतो त्या प्रथिनाचाही एक रक्तगट आहे, जीआयएल नावाचा. आमच्या धंद्यात सगळं फिरून रक्तगटावरच येतं.)

ग्लिसरॉल आत जायला वेळ घेतो, बाहेर यायलाही वेळ घेतो, पाणी मात्र तत्काळ धावतं. आपल्या बहुतेक चुका या एका वाक्यात बसतात. घालताना: रक्त आणि ग्लिसरॉल दोन्ही २५ अंशांच्या वर आणायचे, पहिले १०० मिली हलवत हलवत घालायचे, किमान पाच मिनिटं थांबायचं, मग बाकीचं. फ्रिजमधून काढून थेट ओतलं तर नुकसान तिथेच सुरू होतं. काढताना: आधी १२ टक्के मिठाचं पाणी, पाच मिनिटं थांबा, मग १.६ टक्के, शेवटी ०.९ टक्के सलाईन आणि ०.२ टक्के डेक्स्ट्रोज. ती पाच मिनिटं म्हणजे रिकामा वेळ समजून लोक गाळतात. मी स्वतः उमेदवारीच्या काळात याहून मोठा पराक्रम केलाय: तीन बाटल्या एकाच ट्रेमध्ये, सारख्याच दिसणाऱ्या, आणि मी ०.९ ची आधी जोडली. दोन मिनिटांत बॅगेतला गढूळ लाल रंग स्वच्छ झाला. गढूळपणा म्हणजे जिवंत पेशी, हे त्या दिवशी डोळ्यांना कळलं. सुदैवाने ती सरावाची एबी पॉझिटिव्ह बॅग होती. तेव्हापासून माझ्याकडे तिन्ही बाटल्यांना वेगळ्या रंगाची टेप असते आणि जोडण्याआधी दुसरा माणूस लेबल मोठ्याने वाचतो.

पायरी शोधायची तर प्रत्येक टप्प्यावर एखादा मिली नमुना काढा: ग्लिसरॉल घातल्यावर, वितळल्यावर, पहिल्या वॉशनंतर. फिरवून वरच्या पाण्यातलं हिमोग्लोबिन मोजा. ग्लिसरॉलमधला नमुना जास्त वेळ फिरवावा लागतो, द्राव जड असतो. दोन सापळे सांगून ठेवतो. ग्लिसरॉलमधल्या पेशींचा हिमॅटोक्रिट सेल काउंटरवर घेऊ नका. काउंटरचा डायल्युएंट (पातळ करायचा द्राव) लागताच त्या फुगून फुटतात आणि मशीन काहीतरी खोटा आकडा देतं. एकूण हिमोग्लोबिन मात्र चालतं, कारण त्यासाठी मशीन पेशी मुद्दामच फोडतं. दुसरा सापळा: सुपरनॅटंटचं हिमोग्लोबिन काउंटरवर मोजू नका. ०.१ आणि ०.२ यांतला फरक त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे आणि तुमचा सगळा निर्णय तर त्याच फरकात आहे. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ३८०, ४१५ आणि ४५० नॅनोमीटरची हार्बोची पद्धत लावा.

वितळवण्याबद्दल थोडक्यात: ३७ अंशांचा वॉटर बाथ, बॅग बाहेरच्या पिशवीत, हलतं पाणी, आणि मध्ये बर्फाचा गोळा उरलेला नाही हे बोटांनी चाचपून बघणं. बाहेरच्या पिशवीत लाल थेंब दिसला तर बॅगेला चीर आहे आणि ती बॅग संपली, तिथे वाद नाही. उणे ८० ला बॅगेचं प्लास्टिक (पीव्हीसी) काचेसारखं ठिसूळ होतं. फ्रीझरमधून काढताना डबा आपटू नका, इतकंच.

आता ३८८ चा आकडा. तुमच्या चर्चेत कुणीतरी 'मर्यादा ३४०, म्हणून फेल' म्हणालं, कुणी 'अमेरिकेत चालतं' म्हणालं. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. हिशोब करू. ग्लिसरॉलचा रेणुभार ९२, म्हणजे १ टक्का ग्लिसरॉल उरलं तर ऑस्मोलॅलिटी सुमारे १०९ ने वाढते. तुमचा शेवटचा द्राव, सलाईन आणि डेक्स्ट्रोज, मोजला तर ३०० च्या आसपास येतो. ३८८ म्हणजे वर ८८, म्हणजे ग्लिसरॉल अंदाजे ०.८ टक्के. उरलेलं ग्लिसरॉल १ टक्क्याच्या आत हवं, या अमेरिकन रिवाजात बसलं. युरोपचा ३४० चा आकडा म्हणजे साधारण ०.४ टक्क्याच्या आत, त्यात नाही बसलं. हा आकडा कागदी नाही. आत ग्लिसरॉल उरलेली पेशी रुग्णाच्या प्लाझ्मात गेली की पाणी ओढून फुगते. बॅगेत शांत दिसलेलं हिमोलिसिस मग शिरेत होतं आणि लघवीत दिसतं.

इथे एक 'परिस्थितीवर अवलंबून' आहे. धुतल्यावर पेशी कशात ठेवता? सॅगएममध्ये (पेशी साठवायच्या नेहमीच्या द्रावात) ठेवत असाल तर सॅगएम स्वतःच ३४० च्या वर असतो, मग त्या मर्यादेला अर्थ राहत नाही. म्हणून मी आधी आपला शेवटचा द्राव मोजून ठेवतो आणि बॅग त्याच्यापेक्षा किती वर आहे ते बघतो. ऑस्मोमीटर नसेल तर जुना, साधा उपाय आहे: बॅगेच्या नळीचा इंचभर सेगमेंट (तुकडा) ०.७ टक्के सलाईनच्या ७ मिलीत रिकामा करा, हलवा, फिरवा, रंग तक्त्याशी ताडून बघा. ग्लिसरॉल नीट निघालं असेल तर पेशी एवढा पातळ द्राव सहन करतात. राहिलं असेल तर पाणी लाल होतं. दहा मिनिटांचं काम आहे आणि अगदी लहान केंद्रातही होतं.

मग टाकायला हवी होती का? २४ तास उलटल्यावर दुसरा मार्ग नव्हता, पण त्याआधी मी टाकली नसती. ४०.८ ग्रॅम हिमोग्लोबिन आहे, युरोपची किमान मर्यादा ३६ ची, मोकळं हिमोग्लोबिन मर्यादेत. ३८८ साठी शेवटच्या द्रावाचे आणखी ५०० मिली फिरवले असते, थोड्या पेशी गमावल्या असत्या, सेगमेंट पुन्हा तपासला असता आणि रुग्णाच्या डॉक्टरांना सगळे आकडे सांगून बॅग दिली असती. ७४.७ टक्के हा तुमच्या पद्धतीवरचा शेरा आहे, त्या बॅगेवरचा नव्हे. तीच बॅग नेहमीच्या ओ पॉझिटिव्हची असती आणि शेल्फवर दुसऱ्या वीस असत्या, तर कदाचित मीही टाकली असती. मुंबईत दहा हजारांत साधारण एक माणूस बॉम्बे गटाचा. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी हा गट पहिल्यांदा नोंदवला तोही मुंबईतच. त्या बॅगेला पर्याय काय होता, हा प्रश्न निर्णयाच्या टेबलावर असायलाच हवा. मात्र 'दुर्मीळ आहे म्हणून काहीही चालेल' असं कोणी म्हणालं तर तेही ऐकू नका. बाहेरच्या पिशवीतला लाल थेंब दुर्मीळ बॅगेलाही माफ नाही.

३६ ग्रॅमच्या मर्यादेबद्दल एक सूचना. ती ४५० मिलीच्या बॅगांच्या देशांतली आहे. आपल्याकडे बरंचसं रक्त ३५० मिलीच्या बॅगेत येतं. १२.५ हिमोग्लोबिनच्या दात्याकडून ३५० मिली घेतलं तर मुळातच ४४ ग्रॅम, त्याचे ८० टक्के म्हणजे ३५. सगळं अचूक करूनही बॅग नापास. तेव्हा दाता ५५ किलोच्या वर असेल तर गोठवायच्या बॅगेसाठी ४५० च घ्या, आणि ३५० असेल तर आपली वेगळी मर्यादा लेखी ठरवून त्यावर वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही घ्या, आयत्या वेळी भांडण नको.

तुम्ही नमुना वारंवारतेबद्दल विचारलंत. मोठ्या बँकांसाठी 'महिन्याला किमान चार' वगैरे नियम असतात. तुमच्या वर्षाला तीन बॅगा वितळणार, तिथे टक्केवारी कसली काढता! प्रत्येक बॅगेवर वजन, हिमोग्लोबिन, हिमॅटोक्रिट, सुपरनॅटंट आणि सेगमेंटची चाचणी, यात सवलत नाही. सोबत दर तिमाहीला एक साधी बॅग, फारशी लागत नाही अशा गटाची, रक्तदानापासून सहा दिवसांच्या आतली, पूर्ण चक्रातून काढा आणि तिच्यावर जे बॅग नष्ट करून करायचं ते सगळं करा: कल्चर (जंतू वाढतात का ते बघणं), ऑस्मोलॅलिटी, पोटॅशियम, दर काही तासांनी हिमोलिसिस. रुग्णात २४ तासांनी ७५ टक्के पेशी जगल्या पाहिजेत ही खरी कसोटी, पण ती किरणोत्सारी क्रोमियम लावून मोजतात, तुमच्या-माझ्या केंद्रात ते होणं नाही. ज्या पद्धतीवर कुणीतरी ते मोजलंय, तिच्यातून एक पाऊलही बाहेर टाकायचं नाही, हाच त्याला आपला पर्याय. थांबण्याची पाच मिनिटं दोन केली की ती पद्धत उरत नाही.

आपल्या भागासाठी खास दोन गोष्टी. एक, गोठवण्याआधी दात्याची सिकलसेल सोल्युबिलिटी (सिकल हिमोग्लोबिन पकडणारी साधी चाचणी) करा. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात सिकल ट्रेट (एकाच पालकाकडून आलेला सिकलचा दोष) भरपूर आहे आणि असा दाता स्वतः ठणठणीत असतो. त्याच्या पेशी ग्लिसरॉलमध्ये छान गोठतात, पण नेहमीच्या क्रमाने धुताना त्यांची जेली होते. चमच्याने काढता येईल अशी, अगदी खरं सांगतो. त्यांच्यासाठी धुण्याचा क्रम बदलावा लागतो आणि ते आधी माहीत असावं लागतं, बॅग मशीनवर चढल्यावर कळून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, धुतलेल्या बॅगेत प्लाझ्मा नसतो, त्यामुळे रिव्हर्स ग्रुपिंग (प्लाझ्मातल्या अँटीबॉडींवरून गट ठरवणं) होत नाही. फॉरवर्डला (पेशींवरून गट बघताना) बॉम्बे आणि ओ सारखेच दिसतात. लेबल बदललं असेल तर ते क्रॉसमॅचच्या (रुग्णाचं आणि बॅगेचं रक्त जुळवून बघण्याच्या) आधीच पकडायचा रस्ता: बॅगेतल्या पेशींवर अँटी-एच लेक्टिन (ओ पेशींवरचा एच पदार्थ ओळखणारा द्राव, बॉम्बेच्या पेशींवर तो पदार्थ नसतो). बॉम्बेच्या पेशी गुठळ्या करणार नाहीत, ओच्या जोरात करतील. सोबत खात्रीच्या ओ पेशींचा कंट्रोल लावा. क्रॉसमॅच तर होईलच, पण ही चाचणी मी त्याआधी, वितळल्यानंतर लगेच करून घेतो, म्हणजे चुकीची बॅग धुण्यात दोन तास जात नाहीत. त्या वेळी पेशी ग्लिसरॉलमध्ये असतात, थेट साध्या सलाईनमध्ये घेतल्या तर फुटतील. छोटा नमुना त्याच तीन पाण्यांतून हाताने धुऊन घ्या. गोठवताना दात्याच्या प्लाझ्माच्या दोन-तीन छोट्या नळ्याही उणे ८० ला ठेवून द्या. दहा वर्षांनी एखादी नवी चाचणी आली तर ती करायला काहीतरी हाती असेल.

आणि पुढच्या वेळी दोन्ही बॅगा एकदम वितळवू नका. उघड्या पद्धतीने धुतलेली बॅग १ ते ६ अंशांत २४ तास, बस्स. बंद मशीनवर धुऊन ठराविक ॲडिटिव्हमध्ये (साठवणीच्या द्रावात) ठेवली तर १४ दिवसांपर्यंत जाता येतं. डच सैन्याने अफगाणिस्तानात हेच केलं, आधीच वितळवून साठा तयार ठेवला. तुमच्याकडे ते मशीन नाही. सर्जनना सांगा, पहिली बॅग टेबलावर असेल, दुसरीला निरोप मिळाल्यापासून दोन तास लागतील. भूलतज्ज्ञांना हे आदल्या दिवशी सांगितलं तर कोणी चिडत नाही.

पहिल्या बॅगेचं कार्ड अजून फाइलला असेल. गोठवण्याआधीचं वजन आणि हिमोग्लोबिन त्यावर आहे का ते बघा. रुग्णाचं रक्त चढवण्याआधीचं आणि नंतरचं हिमोग्लोबिन वॉर्डातून मिळालं तर तेही पाठवा, शस्त्रक्रियेत किती रक्त गेलं त्यासकट. त्यावरून त्या बॅगेचा ढोबळ अंदाज बसवून बघू.